एकाच स्विचला जोडलेल्या काही संगणकांना इंटरनेट आणि प्रिंटर का मिळत नाही?

ग्रंथपाल_तालुका
नमस्कार. आमच्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथनोंदणीचे आणि वाचकांच्या वापराचे मिळून बारा संगणक एका स्विचला जोडलेले आहेत. प्रिंटर आणि इंटरनेट कंपनीचा राउटरही त्याच स्विचला जोडलेला आहे. वरच्या मजल्यावरील अभ्यासिकेत वाय-फाय पोहोचावे म्हणून तेथे दुसरा राउटर ठेवून त्याची केबल खाली स्विचपर्यंत आणली. तेव्हापासून काही संगणकांवर इंटरनेट चालत नाही आणि त्यांच्यावरून प्रिंटही निघत नाही. बिघडणारे संगणक ठरलेले नाहीत; काल चाललेला आज अडतो आणि अडलेला आपोआप सुरू होतो. केबली बदलून पाहिल्या, स्विचवरचे दिवेही लागलेले आहेत. सगळे तारेने जोडलेले असताना असे का होते, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

तारजोड
दिवा लागला म्हणजे केबल आणि पोर्ट ठीक आहेत, एवढेच कळते. एका चालणाऱ्या आणि एका अडलेल्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यावी आणि आयपी पत्ता, सबनेट मास्क व डिफॉल्ट गेटवे (आपल्या नेटवर्कबाहेर जाण्याचे दार) या तीन ओळी येथे लिहाव्यात. नव्या राउटरची केबल कोणत्या पोर्टमध्ये आहे, लॅन (आतल्या नेटवर्कचा) की वॅन (इंटरनेटकडे जाणारा), तेही पाहावे.

ग्रंथपाल_तालुका
चालणाऱ्या संगणकावर पत्ता 192.168.1.104 आणि गेटवे 192.168.1.1 दिसतो. अडलेल्यावर पत्ता 192.168.0.103 आणि गेटवे 192.168.0.1 आहे. मास्क दोन्हीकडे 255.255.255.0 आहे. प्रिंटरला 192.168.1.50 हा कायमचा पत्ता दिलेला आहे. नव्या राउटरची केबल लॅन पोर्टमध्ये आहे. वॅन लिहिलेला पोर्ट रिकामा आहे.

तारजोड
मग दुखणे सापडले. आपल्या नेटवर्कमध्ये पत्ते वाटणारे दोघे झाले आहेत.

संगणक नेटवर्कला जोडला जातो तेव्हा त्याच्याकडे आयपी पत्ता नसेल, तर ‘मला कोणी पत्ता देईल का’ अशी हाक तो सर्वांना ऐकू जाईल अशा रीतीने देतो. राउटरमधील डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे पत्ते वाटणारी सोय, ती ऐकून पत्ता देऊ करतो, संगणक तो मागून घेतो आणि सर्व्हर त्यावर शिक्कामोर्तब करतो. केबल लॅन पोर्टमध्ये असल्यामुळे आपल्या नव्या राउटरलाही ही हाक ऐकू येते आणि तोही पत्ता देऊ करतो. ज्याचे उत्तर आधी पोहोचते, त्याचाच पत्ता संगणक सहसा घेतो. पत्ता ठरावीक मुदतीपुरता मिळतो आणि मुदत निम्मी सरली की संगणक आधी त्याच सर्व्हरकडे ती वाढवून मागतो. मात्र ती वाढली नाही किंवा संगणक मुदतीनंतर सुरू झाला, की पुन्हा नव्याने हाक जाते आणि यावेळी दुसऱ्याचे उत्तर आधी येऊ शकते. बिघाड एका संगणकावरून दुसऱ्यावर फिरतो तो यामुळेच.

पुढचा भाग मास्कचा. 255.255.255.0 या मास्कचा अर्थ असा की पत्त्यातील पहिले तीन आकडे जुळले, तर समोरचे यंत्र आपल्याच नेटवर्कमधले समजावे आणि त्याच्याशी थेट बोलावे. न जुळल्यास पॅकेट (पाठवायच्या माहितीचा तुकडा) गेटवेकडे सोपवावे. अडलेला संगणक 0 च्या गटात आणि प्रिंटर 1 च्या गटात असल्यामुळे दोघे एकाच स्विचवर असूनही छपाईचे पॅकेट 192.168.0.1 कडे, म्हणजे अभ्यासिकेतील राउटरकडे जाते. त्याचा वॅन पोर्ट रिकामा, त्यामुळे त्याला पुढे वाट नाही. इंटरनेटचेही तेच.

उपाय असा: एक संगणक थेट नव्या राउटरला जोडून त्याची मांडणी उघडावी, लॅन पत्ता 192.168.1.2 करावा आणि डीएचसीपी सर्व्हर बंद करावा. केबल आहे त्या लॅन पोर्टमध्येच राहू द्यावी. यानंतर तो नुसता ॲक्सेस पॉइंट, म्हणजे त्याच नेटवर्कचे वाय-फाय पुरवणारे यंत्र, म्हणून काम करील. मग सर्व संगणक एकदा बंद करून सुरू करावेत.

नेटशिकाऊ
त्यापेक्षा सगळीकडे मास्क 255.255.0.0 केला तर 0 आणि 1 हे दोन्ही गट एकच होतील ना?

तारजोड
प्रिंटरवरही तोच मास्क घातला तर प्रिंट निघेल, हे खरे. परंतु अडलेल्या संगणकाचा गेटवे 192.168.0.1 हाच राहील आणि इंटरनेट येणार नाही. शिवाय पत्ते वाटणारे दोघे तसेच राहतील, म्हणजे मूळ दोष झाकला जाईल. अशी मलमपट्टी पुढच्या माणसाला फार छळते.

पॅकेटपाल
तारजोड यांचा उपाय योग्य आहे, फक्त एका गोष्टीचा विचार व्हावा. त्यानंतर अभ्यासिकेतील प्रत्येक मोबाइल ग्रंथनोंदणीच्या संगणकांच्याच नेटवर्कमध्ये येईल. काहीजण यावर केबल वॅन पोर्टमध्ये लावण्यास सांगतात. त्याने इंटरनेट चालते आणि खालच्या संगणकांना अभ्यासिकेतील यंत्रे दिसत नाहीत, पण उलट दिशेने अभ्यासिकेतील यंत्रांना खालच्या नेटवर्कमधील संगणक आणि प्रिंटर गाठता येतात. आपल्याला हवा तो आडोसा नेमका उलट बाजूला पडतो. नव्या राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ (पाहुण्यांसाठीचे वेगळे वाय-फाय) असेल आणि ॲक्सेस पॉइंट म्हणून चालतानाही ते विलग राहत असेल, तर ते वापरावे. पुष्कळ स्वस्त राउटरमध्ये ते तसे राहत नाही. अशा वेळी व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगवेगळी नेटवर्के) करता येणारा स्विच आणि ॲक्सेस पॉइंट घ्यावा, आणि मुख्य राउटरलाही व्हीलॅन हाताळता येतात ना, हे खरेदीआधी पाहावे.

ग्रंथपाल_तालुका
तारजोड यांनी सांगितल्याप्रमाणे बदल केला. आता सर्व संगणकांना 192.168.1 ने सुरू होणारे पत्ते मिळाले असून प्रिंटही निघत आहेत. एका संगणकावर मात्र संकेतस्थळे अजून उघडत नाहीत, जरी इंटरनेटवरील 8.8.8.8 या पत्त्याला पिंग केल्यावर (तो पोहोचतो का हे तपासल्यावर) उत्तर येते.

तारजोड
आकड्यांचा पत्ता पोहोचतो म्हणजे वाट मोकळी आहे. नावावरून पत्ता शोधणारे डीएनएस तेवढे अडले आहे. त्या संगणकावर कोणीतरी डीएनएसचा पत्ता हाताने 192.168.0.1 असा भरून ठेवलेला असावा. नेटवर्कच्या मांडणीत तो आपोआप मिळण्यावर ठेवावा. तसेच मुख्य राउटर 192.168.1.100 पासून पुढचेच पत्ते वाटत आहे ना, हे पाहावे, नाहीतर प्रिंटरचा 50 क्रमांक एखाद्या दिवशी दुसऱ्याच यंत्राला जाईल.