मदत हवी आहे: रात्री पाणी भरायला जाणाऱ्या शेतकऱ्यांचा दमा, पीक फ्लो नेमका कधी मोजायचा?

नमस्कार मंडळी,

फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी दमा असलेल्या शेतकऱ्यांची रात्रीची श्वसनक्षमता आणि झोप हा विषय घेतला आहे. भाग चोपडा तालुक्यातला, केळीचा पट्टा. आराखडा एथिक्स कमिटीपुढे ठेवायचाय आणि एका जागी गाडी अडलीय. श्वसनविकार किंवा झोपेच्या तपासण्यांतलं कोणी इथे असेल तर कृपया सांगा.

दमेकऱ्याच्या श्वासनलिका साधारण पहाटे चारच्या सुमारास सगळ्यात आखडलेल्या असतात आणि दुपारी चारच्या आसपास सगळ्यात मोकळ्या. म्हणून पीक फ्लो (जोरात फुंकल्यावर हवा किती वेगाने बाहेर पडते तो आकडा) उठल्याबरोबर आणि संध्याकाळी असा दोनदा घ्यायचा, दर वेळी तीन फुंकांतला मोठा आकडा लिहायचा, आणि हे एक-दोन आठवडे चालवायचं. दिवसातल्या मोठ्या आणि लहान आकड्यातल्या फरकाला त्या दोघांच्या सरासरीने भागायचं. मोठ्या माणसांत हा रोजचा चढउतार सरासरी १० टक्क्यांवर गेला तर तो जास्त धरतात.

पण ही रीत रात्री झोपणाऱ्या माणसाची आहे. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीची असली की माणूस मोटर चालू करायला निघतो. ठिबक असलं तरी वॉल्व्ह बदलायला कुणीतरी लागतंच. पहाटे घरी येऊन तो नऊ-दहापर्यंत झोपतो.

थंडीत चाचपणीसाठी एका काकांच्या मळ्यात रात्री थांबलो होतो. कानाला मफलर, अंगावर घोंगडी, मोटरीच्या खोलीला टेकून बसलेले. चारच्या आधी खोकल्याची उबळ आली. इन्हेलर खिशातून काढण्याआधी मी मीटर पुढे केला, मोठा आकडा आला २६०. काका म्हणाले, "रातले दम लागस, दिवसले काहीच नई." झोपून दहाला उठले तेव्हा ३५०, दुपारी चारला ३८०. आता पुस्तकातल्या रीतीने ३५० आणि ३८० घेतले तर चढउतार ८ टक्के, म्हणजे सगळं ठीक. २६० धरला तर ३७ टक्क्यांवर! ज्या माणसाचा दमा रात्री एवढा बिघडतो तो माझ्या तक्त्यात चांगला आटोक्यात असलेला दिसणार. हे मला अजिबात पटत नाही.

तर प्रश्न असा की नोंद घड्याळाला बांधायची की झोपेतून उठण्याला? घड्याळाला बांधली तर दिवसाची लाईट असलेल्या आठवड्यात पहाटे चारला झोपलेल्या माणसाला उठवावं लागेल, म्हणजे जी झोप मोजायची तीच मोडणार.

झोपेसाठी घरी नेता येईल असं यंत्र मिळतंय. नाकातला हवेचा प्रवाह, छातीचा पट्टा आणि ऑक्सिमीटर एवढंच त्यात आहे, मेंदूच्या लहरी नाहीत. त्यावर किती विसंबावं?

प्रतिसाद

विषय फार मोलाचा आहे, सोडू नका.

व्यवसायामुळे होणाऱ्या दम्याची पद्धत उचला. तिथे जागेपणी दिवसातून किमान चार वेळा पीक फ्लो घेतात, जमल्यास दर दोन तासांनी, साधारण चार आठवडे, आणि कामाचे व सुट्टीचे दिवस समोरासमोर ठेवतात. तुम्ही रात्रीच्या लाईटचे आणि दिवसाच्या लाईटचे आठवडे तसे ठेवा. प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच होईल. कुणाला मुद्दाम उठवू नका, पण खोकल्याने आपणहून जाग आली तर ती नोंद सोन्यासारखी. प्रत्येक आकड्यासोबत घड्याळाची वेळ, किती वेळापूर्वी उठले आणि शेवटचा इन्हेलर कधी घेतला, हे तिन्ही लिहा. तुमच्या काकांचा दहाचा आकडा इन्हेलर घेतल्यानंतरचा आहे. इन्हेलरमधल्या साल्ब्युटामॉलचा (श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या औषधाचा) असर चार ते सहा तास राहतो.

घड्याळ की झोप, हा प्रश्न २०२१ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात तपासला गेला. १७ दमेकऱ्यांना एका टप्प्यात मंद उजेडात ३८ तास सलग जागं ठेवलं, दुसऱ्या टप्प्यात आठवडाभर २८ तासांच्या दिवसावर जगवलं. झोपेचा परिणाम वेगळा काढल्यावरही शरीराच्या आतल्या घड्याळाने रात्री फुफ्फुसांची क्षमता खाली नेलेली दिसली. म्हणजे दोन्ही कारणं खरी आहेत. म्हणूनच वेळ आणि झोप दोन्ही लिहायला सांगतोय.

यंत्राबद्दल: झोपेत श्वास अडकण्याचा त्रास कुणाला आहे हे गाळून काढायला ते चालेल. तासाला ५ पर्यंतचे अडथळे चालतात, १५ पासून मध्यम, ३० पासून तीव्र. पण मेंदूच्या लहरी नसल्याने माणूस खरंच किती झोपला ते त्याला कळत नाही. जागेपणीचा वेळही झोपेत धरला जातो आणि आकडा कमी येतो. खोकल्याने आलेली जाग त्यात उमटतच नाही, आणि दम्यात ऑक्सिजन प्रत्येक वेळी उतरतोच असं नाही. त्यामुळे दम्याचा निष्कर्ष त्यावरून काढू नका. मनगटावरचं अ‍ॅक्टिग्राफ (हालचालीवरून झोप ओळखणारं यंत्र) वापरलंत तर झोपेची वहीही ठेवा, कारण बांधावर शांत बसलेल्याला ते झोपलेला समजतं.

धागाकर्ता

मनापासून आभार. आठवडे समोरासमोर ठेवायची कल्पना लगेच मार्गदर्शकांना दाखवतो. दोन्ही प्रकारचे आठवडे थंडीतलेच घेईन, नाहीतर हवेतला फरक लाईटच्या नावावर जाईल.

आता एकच अडचण उरते. साध्या मीटरची वही लोक रात्री उशिरा एकदम भरून टाकतात, आणि तारीख-वेळेसह आकडा साठवणारे इलेक्ट्रॉनिक मीटर माझ्या खर्चात बसत नाहीत. जळगाव, धुळे किंवा नाशिकच्या एखाद्या विभागात वापरात नसलेले पडून असतील तर व्यक्तिगत निरोप करा. सगळे एकाच बनावटीचे हवेत, कारण वेगवेगळ्या मीटरचे आकडे जुळत नाहीत. न्यायला मी स्वतः येईन.