उपचारानंतरही एएनए पॉझिटिव्हच का राहते?

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला ऑटोइम्यून हिपॅटायटिस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर हल्ला करते तो आजार) आहे. प्रेडनिसोलोन आणि ॲझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे घेतल्यावर तिचे एएलटी, एएसटी (यकृताची विकरे) व आयजीजी (रक्तातील एका प्रकारची प्रतिपिंडे) हे तिन्ही आकडे मर्यादेत आले. एएनए (पेशींच्या केंद्रकांविरुद्धची प्रतिपिंडे) मात्र निदानाच्या वेळी १:१६० होते, ते आज १:३२० आले आहे. आजार आतून धुमसतो आहे असे समजायचे का? घरात सगळेच धास्तावले आहेत.

पहिले उत्तर : ताई, केवळ या आकड्यावरून तसे समजू नका. ही तपासणी करताना रक्तद्रव दर वेळी दुपटीने पातळ करत जातात आणि कोणत्या पायरीपर्यंत पेशींची केंद्रके सूक्ष्मदर्शकाखाली चमकताना दिसतात ते पाहतात. त्यामुळे १:१६० आणि १:३२० यांत एकाच पायरीचे अंतर आहे, आणि एवढा फरक तपासणाऱ्याच्या नजरेनेही पडू शकतो. शिवाय प्रौढांमध्ये एएनएची पातळी यकृतातील दाहाबरोबर खात्रीने वरखाली होत नाही. ही तपासणी निदानाच्या कामाची. उपचार लागू पडतो आहे की नाही, हे एएलटी, एएसटी आणि आयजीजी यांवरून ठरवतात. धडधाकट माणसांतही कमी पातळीचे एएनए सापडते, हेही घरच्यांना अवश्य सांगा.

दुसरे उत्तर : वरील मताशी सहमत आहे. मात्र निदानाच्या वेळी अँटी-एसएलए (या आजारात आढळणारे आणखी एक प्रतिपिंड) तपासले होते का, हे जुन्या कागदांत पाहावे. ते पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णांत औषध थांबवल्यावर आजार उलटण्याचे प्रमाण अधिक दिसते, म्हणून पुढे औषध बंद करण्याचा विषय निघेल तेव्हा ही नोंद डॉक्टरांसमोर असायला हवी.

प्रश्नकर्ती : मनःपूर्वक आभार. रक्त सुधारले म्हणजे यकृतही पूर्ववत झाले, असे धरावे का?

पहिले उत्तर देणारे : लगेच नाही. ऊतींमधील दाह ओसरायला रक्तातील आकड्यांपेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो. म्हणूनच युरोपीय यकृत संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनात एकूण किमान ३ वर्षे आणि आकडे पूर्ण सुधारल्यावर किमान २ वर्षे उपचार चालू ठेवण्यास सांगितले आहे. बरे वाटते म्हणून तिने एकही गोळी आपल्या मनाने सोडू नये, आणि ॲझाथायोप्रिन चालू असेपर्यंत पांढऱ्या पेशींची तपासणीही चुकवू नये.