शब्दचर्चा : एकाच नावाच्या दुसऱ्या माणसाला मराठीत काय म्हणायचं?

खानापूरवाला :
परवा वाचनालयात पुस्तकं लावूलालो होतो, हातात चंद्रकांत पाटलांचा कवितासंग्रह आला. शेजारी पेपर वाचत बसलेल्या आजोबांनी चष्मा वर करून कव्हर बघितलं आणि म्हणाले, "मंत्री कविता पण करतोय काय रे?" म्हटलं आजोबा, हे कवी वेगळे, हिंदी कविता मराठीत आणि मराठीतल्या हिंदीत नेलेले, आणि सीमाप्रश्नाचे समन्वय मंत्री म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये बेळगावला येणार येणार म्हणून आले नाहीत ते वेगळे. तर म्हणतात, "म्हंजे नामसाधर्म्य. खरं त्या दुसऱ्याला काय म्हणायचं, कवी मंत्र्याचा कोण?" मला काय सांगता येईना. कुणाला माहीत आहे काय?

टिळकवाडीची अक्का :
नामबंधू म्हण की. छापील मराठीत चालतो, बोलताना कोण म्हणत नाही ते खरं. नामसाधर्म्य हे त्या गोष्टीचं नाव झालं, माणसाचं नव्हे. सधर्म म्हणजे समान धर्म असलेला, त्यावरून साधर्म्य. आता नाव हा काय माणसाचा धर्म की गुण? म्हणून मला नामसाम्य जास्त सरळ वाटतं. पण पेपरात 'नामसाधर्म्याचा फायदा घेऊन' एवढं रुळलंय की आता कोण बदलणार.

निपाणीकर :
अक्का, फायदा घेऊन वरून आठवलं, २०१४ ला रायगडात सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि त्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं पडली होती. तिथं नामबंधू कसला, बंधू असा असतोय काय! अशाला आमच्यात सरळ डमी म्हणतात. तोतया म्हणता येणार नाही, कारण तोतया खोटं नाव सांगतो, ह्याचं नाव तर खरंच तेच असतंय.

खानापूरवाला :
काका, ते राजकारणातच राहिलं. वेगवेगळ्या धंद्यातले सांगा की. राम कदम म्हटलं की माझ्या बाबांना 'पिंजरा'चे संगीतकार आठवतात, मला घाटकोपरचे आमदार.

निपाणीकर :
विजय चव्हाण घे. एक मोरूची मावशी झालेले नट, दुसरे ढोलकीवाले. आमच्यात जत्रेच्या कमिटीत एकदा "विजय चव्हाणांना आणूया" म्हणून ठरलं, बजेट निघालं, आणि तासाभरानं कळलं अर्धे लोक नाटकाचं बोलूलालेत आणि अर्धे ढोलकीचं. शेवटी त्या वर्षी भजनावर भागवलं.

शहापूरचा :
गंधर्व राहिले की! बालगंधर्व, सवाई गंधर्व, छोटा गंधर्व, आणि आपल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व.

टिळकवाडीची अक्का :
नाही रे बाळा, ती पदवी. कुमारजींचं नाव शिवपुत्र कोमकली, बालगंधर्व राजहंस, सवाई गंधर्व कुंदगोळचे रामभाऊ. ह्याला नामसाधर्म्य म्हटलास तर गावातले सगळे गुरुजी एकमेकांचे नामबंधू होतील.

शहापूरचा :
बरं अक्का, चुकलं. मग कन्नडमधलं घ्या, विष्णुवर्धन. एक बाराव्या शतकातला होयसळ राजा, बेलूरचं देऊळ बांधलेला, एक कन्नड सिनेमातला हिरो ज्याचं मूळ नाव संपतकुमार, आणि एक टेनिसवाला, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला पेसबरोबर डबल्स खेळलेला. हिरोचं नाव सिनेमासाठी घेतलेलं आहे, तेवढं चालवून घ्या.

येळ्ळूरकर :
शब्द कशाला पाहिजे, आपल्या लोकांनी त्याच्यावर आधीच तोड काढलीय. संजय पाटील बघा. सांगलीच्या माजी खासदारांना संजयकाका, मुंबईच्या खासदारांना वडिलांचं नाव लावून संजय दिना, आणि बेळगाव ग्रामीणच्या माजी आमदारांना कर्नाटकी पद्धतीनं इनिशियल लावून संजय बी. पाटील. नातं, बाप, इनिशियल. इनिशियलचा उलटा त्रास पण आहे, गुजरातचे सी. आर. पाटील म्हणजे चंद्रकांत रघुनाथ, हे कित्येकांच्या ध्यानातच येत नाही. म्हणजे खानापूरवाल्याच्या आजोबांना अजून एक चंद्रकांत पाटील सापडले. आमच्या गल्लीत तर एकाच नावाचे तिघं आहेत : विहिरीजवळचा, मिल्ट्रीतला आणि बारका. बारका आता साठीचा आहे आणि तिघांत उंच आहे.

खानापूरवाला :
आजोबांना नामबंधू सांगितलं. म्हणाले, "बंधू म्हटलं की वाटणी आली, मला नको." वहीत सध्या 'पाटील चंद्रकांत (कवितावाले)' असं लिहून ठेवलंय.