छावणीतलं नाटक नक्की कुणासाठी?

तिसरी घंटा:
वेस्ट बँकमधल्या जेनीन या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या छावणीतल्या फ्रीडम थिएटरबद्दल वाचतोय, डोक्यातून जातच नाहीये. पहिल्या इंतिफादात, म्हणजे इस्रायली ताब्याविरुद्धच्या पॅलेस्टिनी उठावात, आर्ना मेर नावाच्या ज्यू बाईने तिथल्या पोरांसाठी एका घराच्या वरच्या मजल्यावर नाटक सुरू केलं, २००२ च्या इस्रायली लष्करी कारवाईत ते जमीनदोस्त झालं, मग २००६ मध्ये तिच्या मुलाने, जुलियानोने, साथीदारांबरोबर फ्रीडम थिएटर उभं केलं, २०११ मध्ये त्याला थिएटरजवळच गोळ्या घातल्या, तरी नाटक थांबलं नाही. माझं म्हणणं एवढंच की अशा ठिकाणी नाटक ही चैन नाही, गरज आहे. ज्याला उठताबसता गप्प बसवलं जातं त्याने चारचौघांत मोठ्याने बोलायला शिकायचं कुठे?

कोरी पाटी:
नाही पटलं. आर्नाच्या त्या पोरांचं पुढे काय झालं तेही सांगा ना! जुलियानोनेच त्यांच्यावर डॉक्युमेंटरी केलीये. तालमीत खिदळणारी पोरं मोठी होऊन हातात बंदूक घेऊन मेली, एकाने तर इस्रायलमधल्या हदेरा शहरात जाऊन बायकांना गोळ्या घातल्या. कुणाला वाचवलं नाटकाने? आधी छप्पर द्या, औषधं द्या.

विंगेतून:
नाटकाने रणगाडा थांबत नाही हो, तसं कुणी म्हणतही नाहीये. छप्पर देणारे पण त्या पोरांना वाचवू शकले नाहीत, मग छप्पर फुकट गेलं म्हणायचं का?

कोरी पाटी:
छप्पर देणारा कुणाला चिथावत नाही. ब्राझीलचा नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल, त्यानेच सांगितलेला किस्सा आहे, त्याच्या ग्रुपने गावात जाऊन जमिनीसाठी रक्त सांडू वगैरे नाटक केलं, हातात खोट्या रायफली. व्हिर्जिलिओ नावाचा शेतकरी भारावून म्हणाला चला, जेवू आणि जमीनदाराच्या माणसांना हाकलून लावू. यांची तंतरली! म्हणजे सांडायचं रक्त आमचंच होतं तर, असं तो म्हणाला.

तिसरी घंटा:
अहो पण त्या शरमेतूनच तर बोआल बदलला. पुढे १९७३ मध्ये पेरूत एका बाईची गोष्ट रंगवत होते, नवऱ्याने तिला फसवलेलं, आता तिने काय करायचं ते प्रेक्षकांनी सुचवायचं आणि नटांनी करून दाखवायचं. प्रेक्षकांतली एक धिप्पाड बाई सारखी म्हणतेय असं नाही, असं नाही, शेवटी तो म्हणाला मग तुम्हीच या वर. ती आली, झाडू उचलला आणि नवरा झालेल्या नटाला बदडलं. उपाय बाहेरून न आणता लोकांनीच तो स्टेजवर करून बघायचा, ही पद्धत तिथून आली. मी ज्या नाटकाबद्दल बोलतोय ते हे.

कोरी पाटी:
हे मात्र मान्य, इथे दुसऱ्याच्या रक्ताची भाषा नाही. पण नाटक संपल्यावर बोआल आपल्या मुक्कामी गेला, नट पण गेले. जिची गोष्ट होती ती बाई घरी गेली. रात्री खरा नवरा दारात उभा राहिला असेल तेव्हा तिच्याबरोबर कोण होतं?