घर सजवताना ट्रेंड आणि बडोद्याची हवा: अनुभव धागा

धागाकर्ती
उभ्या खोबणींचं फ्ल्युटेड पॅनेल, चुन्याचा लाइमवॉश, एलईडी पट्टीचा प्रोफाइल लाइट, बिनहँडलचं किचन. मोबाइलवर दिसतं ते सगळं आता बडोद्यातही मिळतं. पण इथे पावसाळाभर हवा दमट, मे महिन्यात पारा चाळिशीपार आणि विश्वामित्री नदी भरली की तळमजल्यावर पाणी. ज्यांचा हात या कामात आहे त्यांनी लिहा: माप, माल आणि नेमकं कुठे फसतं. ‘छान दिसतं’ एवढंच लिहायला येऊ नका.

सुतारपक्षी
आधी पाणी, मग पॅनेल. ऑगस्ट 2024 मध्ये नदी 35 फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी आहे 26 फूट. अशा भागात तळमजल्यावर एमडीएफचं काहीही जमिनीलगत लावू नका. एमडीएफ म्हणजे गोंदात दाबलेले लाकडाचे तंतू. पाणी शिरलं की ते फुगतात आणि वाळल्यावर परत बसत नाहीत. खालची कपाटं आयएस 710 शिक्क्याच्या प्लायची करा. त्याचा गोंद 72 तास उकळत्या पाण्याच्या चाचणीत टिकावा लागतो. आयएस 303 चा एमआर प्लाय दमट हवा सोसतो, साचलेलं पाणी नाही. कारागीर ‘चालशे’ म्हणाला की शीट उलटून शिक्का स्वतः वाचावा.

फ्ल्युटेड पॅनेल हवंच असेल तर पॉलिमरचं घ्या, आणि एकाच भिंतीवर. त्याआधी ओल तपासा. दीड फूट चौरस प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर ओल भिंतीत आहे, बाहेरच्या बाजूला दिसले तर हवेत. भिंतीत असेल तर पॅनेल त्यावरचं नुसतं पांघरूण, मागे बुरशी वाढत राहते. कोरड्या भिंतीवरही थेट गोंद नको. डब्ल्यूपीसीच्या (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाच्या) पट्ट्या मारून मागे 10-12 मिमी हवा ठेवा, वर-खाली बारीक फट सोडा.

चुनाकळी
लाइमवॉशबद्दल लिहिते, कारण दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांना हा ट्रेंड खरोखर मानवतो. त्या भिंती विटा आणि चुन्याच्या. त्यांवर सिमेंट पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते, क्षार रंगाखाली साचतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. चुना ओल बाहेर जाऊ देतो.

जुना रंग पत्र्याने पूर्ण खरवडा. भिजवून मुरवलेला चुना गाळून दुधाइतका पातळ करा. भिंतीवर आधी पाण्याचा फवारा मारा, मग रुंद ब्रशने आडवे-तिरपे पातळ हात. तीन ते चार हात, प्रत्येकामध्ये एक दिवस. जाड लावला तर भुकटी होऊन कपड्यांना लागतो. रंग मातीचेच, गेरू किंवा पिवळी माती, तेही चुन्याच्या वजनाच्या दहाव्या भागाच्या आत. ओला चुना गडद दिसतो आणि वाळल्यावर बराच फिका पडतो, म्हणून 2 बाय 2 फुटांचा नमुना वाळवून सकाळी आणि दिव्याखाली, दोन्ही वेळा पाहा. डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे लागतातच, चुना भाजतो.

फ्लॅटमध्ये पुट्टीच्या भिंतीवर खरा चुना धरत नाही. ‘लाइमवॉश फिनिश’ म्हणून विकतात तो बहुतेक ॲक्रिलिक रंग. दिसायला तसाच, लावा खुशाल, पण त्याने ओल जाणार नाही. आणि डाग पडला तर ठिगळ उठून दिसतं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळी भिंत पुन्हा करावी लागते.

दिवेलागण
फॉल्स सीलिंगमध्ये दोनच गोष्टी सांगतो. पंख्याचा हुक स्लॅबमध्येच, जिप्समच्या सांगाड्यावर नाही. आणि डाउनलाइट (छतात बसवलेला दिवा) पंख्याच्या पात्यांवर नको, पाती प्रकाश कापतात आणि खोलीभर लुकलुक होते. 1200 मिमीच्या पंख्याला मध्यापासून किमान 750 मिमी दूर ठेवा.

प्रोफाइल लाइटची पट्टी मीटरला 10 वॅट आणि लांबी 5 मीटर असेल तर 50 वॅटचा नाही, 60 चा ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारा डबा) घ्या. तो बंद सीलिंगमध्ये पुरू नका. पट्टीच्या आधी ड्रायव्हर जातो आणि मग सीलिंग फोडावं लागतं. फूटभराचं झाकण ठेवा. प्रकाशाचा रंग बैठकीत 3000 केल्विन (पिवळसर), ओट्यावर 4000 (पांढरट).

फोडणी
बिनहँडलचं किचन: दाराच्या वरच्या खोबणीत तेल आणि कणकेची भुकटी जमून चिकट थर होतो, कापसाच्या काडीशिवाय निघत नाही. गडद मॅट दारांवर बोटं उमटतात. शेगडीच्या तीन फुटांत उघडी फळी नको. पांढऱ्या क्वार्ट्झच्या ओट्यावर गॅसवरून उतरवलेली कढई ठेवू नका, त्यातलं रेझिन तापून डाग कायमचा बसतो. ग्रॅनाइट हे सोसतो. आयलंडचा (मधल्या सुट्या ओट्याचा) हिशोब करून पाहा: 2 फूट ओटा, साडेतीन फूट वाट, अडीच फूट आयलंड, पलीकडे 3 फूट. म्हणजे 11 फूट नुसती रुंदी.

सुतारपक्षी
@फोडणी ताई, हँडल असलेलं दारही तेवढंच पुसावं लागतं! पण खोबणीचं खरं आहे.

एक राहिलं. नव्या फिक्या घरात संखेड्याच्या लाखकामाच्या फर्निचरचा एखादाच नग, बहुधा झोपाळा, ठेवायची पद्धत आली आहे. ती चांगली, पण पूर्ण सेट नको, खोली अंगावर येते. झोपाळ्याचे हुक स्लॅब ओततानाच सळईत अडकवलेले हवेत. तयार घरात इंजिनिअरला विचारून बीममध्ये, प्लॅस्टरमध्ये तर नाहीच. पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे. आणि पुसायला फक्त किंचित ओलं मऊ फडकं. त्यावरचा थर लाखेचा असतो आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सॅनिटायझर सांडला की पांढुरका डाग पडतो, तो घरी निघत नाही.