डोंबिवली ते लोअर परळ, साडेबारा तास: बाइंडर कधी घालायचा, कधी काढायचा?

चौथी_सीट

ट्रान्समॅन (जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद, पण पुरुष), वय २४, हॉर्मोन अजून सुरू नाहीत. सकाळी ७.४० ला घराबाहेर, रात्री ८.१५ ला परत. डोंबिवलीहून करी रोड, तिथून चालत लोअर परळ, जेन्ट्स डबा. बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून आत घालायची घट्ट बंडी) हाफ लेंथ, साइझ एम, पुढे सपाट दुहेरी कापड, मागे जाळी. चेन नाही, डोक्यावरून चढवायचा.

जिथे वाचावं तिथे 'आठ तासांच्या वर नको'. हिशोब साडेबारावर जातो. तर:

१) यातले साडेचार तास कुठून कापू?
२) एस घेतला तर जास्त सपाट दिसेल का?
३) छातीच्या घडीखाली लाल गोल चट्टे आणि खाज. मेडिकलवर मिळालेल्या मलमाने दोन दिवसांत जातात, आठवड्याभरात परत येतात, आधीपेक्षा मोठे. हे घामोळं आहे की दुसरं काही?
४) पावसाळ्यात बाइंडर सोडून छाती सपाट करायला चिकट टेप लावला तर?

घरी माहीत नाही आणि वन रूम किचन आहे, त्यामुळे 'घरी आल्यावर मोकळं बसा' छापाचे सल्ले सोडून सांगा.

बरगडी

दोन नंबर आधी निकालात काढू. एस नको. लहान साइझमध्ये मांस आत जात नाही, ते काखेतून आणि गळ्याजवळ वर येतं. म्हणजे जे लपवायचं तेच उठून दिसतं, वर फासळ्यांना ताप.

एम तरी बरोबर आहे का ते बघ. शिंप्याचा टेप घे. अंगावर काही नको, उभं राहायचं, हात खाली, श्वास नेहमीसारखा. तीन मापं: छातीचा सगळ्यात भरीव भाग, घडीच्या बरोबर खाली फासळ्यांवरून, आणि पाठीमागून एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तिसरं माप बरेच जण घेतच नाहीत आणि मग पट्टे काखेत रुतले की कंपनीला शिव्या घालतात. ही मापं ज्याचा बाइंडर त्याच्याच तक्त्यात बघ, एकाचा एम दुसऱ्याचा एल असतो. तीन मापं तीन साइझ सांगत असतील तर त्यातली मोठी.

घातल्यावर काखेच्या आणि खालच्या कडेतून दोन बोटं सरकली पाहिजेत. दुसरी परीक्षा तुझ्याच लाइनवरची: दादर, परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा, सँडहर्स्ट रोड, मस्जिद, सीएसएमटी. आठही नावं साध्या आवाजात एका दमात झाली पाहिजेत. भायखळ्याला दम तुटला तर बाइंडर घट्ट आहे.

आता तास. माझं मत: गाडीत बाइंडर नको. पीक अवरच्या डब्यात चारही बाजूंनी दाब असतो. श्वास घेताना फासळ्या पुढे आणि बाजूला सरकतात, त्या आधीच बांधलेल्या, वर कुणाचं तरी कोपर. उकाडा वेगळाच. आणि गाडीत त्याची गरजही कमी, कारण मुंबईच्या लोकलमध्ये बॅग पोटाशी धरून उभा असलेला माणूस कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. सगळेच तसे उभे असतात. पट्टे आखूड कर, म्हणजे बॅगेची वरची कड गळ्याच्या हाडाखाली चार बोटांवर येईल. आत मापाची, न आवळणारी स्पोर्ट्स ब्रा, वर गडद चौकड्याचा शर्ट. चौकड्यात उंचवट्याची सावली मोडते, एकरंगी फिकट शर्टात तीच ठळक दिसते. ब्रा आणि बाइंडर मात्र एकावर एक कधीच नाही.

ऑफिसला पोचलास की ९.३० ला घाल, ६.३० ला काढ. मध्ये जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास काढलास की साडेआठ तास उरतात. त्या अर्ध्या तासात दोन-तीन खोल श्वास, दोनदा मुद्दाम खोकणं, आणि दाराच्या चौकटीला हात टेकून छाती पुढे ढकलणं, ३० सेकंद, दोनदा. दिवसभर खांदे पुढे ओढलेले असतात, पाठ दुखते ती बरीचशी त्यामुळे.

घामेजलेल्या अंगावर तो डोक्यावरून चढत नाही, खांद्यात अडकतो. आधी नॅपकिनने पाठ आणि काखा कोरड्या कर, मग पायातून घालून कमरेवरून वर ओढ. कंबर आड येत नसेल तर हाच रस्ता सोपा. काढताना हात एकमेकांवरून फिरवून खालची कड धर, पुढे वाक आणि ओढ. मधेच अडकला आणि जीव घाबरा झाला तर बाजूच्या शिलाईतून कात्री चालव. बाइंडर नवीन येतो.

आठ तास हा आकडा वापरणाऱ्यांच्या अनुभवातून आलाय. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात छाती बांधणाऱ्या १८०० जणांना विचारलं होतं. ९७ टक्क्यांहून जास्त जणांना काही ना काही त्रास होता आणि त्रासाशी सगळ्यात सातत्याने जुळलेली गोष्ट होती आठवड्यातले किती दिवस बांधतात ती. त्यामुळे रोजची पंधरा मिनिटं वाचवण्यासाठी जिवाचा आटापिटा करण्यापेक्षा शनिवार-रविवार पूर्ण सुट्टी दे. झोपताना आणि जिममध्ये नाहीच. दमा किंवा पाठीच्या कण्याला बाक असेल तर आधी डॉक्टरला विचारूनच.

श्वास घेताना एका ठरावीक जागी टोचलं, बोटांना मुंग्या आल्या, जिन्यावर गरगरलं तर तिथेच काढायचा, आणि दुखणं पूर्ण जाईपर्यंत परत घालायचा नाही. दोन-तीन दिवसांत गेलं नाही तर हाडांचा डॉक्टर. आपल्या लोकांशी नीट बोलणारा डॉक्टर शोधायचा असेल तर सांताक्रूझच्या हमसफर ट्रस्ट या एलजीबीटी लोकांसाठीच्या संस्थेत विचारता येईल, १९९४ पासून ते काम करतायत.

संध्याकाळची_स्लो

बरगडी यांचं अर्धं पटलं. बॅगेची युक्ती गर्दीत ठीक आहे. परतताना ठाण्याला बसायला मिळालं की बॅग मांडीवर किंवा रॅकवर जाते आणि समोरचा माणूस अर्धा तास तोंडासमोर असतो. ज्याला तीच वेळ सगळ्यात जड जाते त्याने सकाळची गाडी बाइंडरशिवाय करावी, दुपारी जेवणापासून पुढे सव्वादोन तास, खुर्चीत बसून काम असतं तेव्हा, काढून ठेवावा आणि परतीला घालावा. एकूण तास तेवढेच ठेवा, कुठले ते तुमच्या डिस्फोरियावर (शरीर आपल्या ओळखीशी जुळत नाही याचा त्रास) ठरवा.

आणि एक राहिलं. क्रेप बँडेज आणि बाळंतपणानंतरचा पोटाचा पट्टा, दोन्ही मेडिकलवर मिळतात म्हणून लोक तेच छातीला आवळतात. बँडेज एका जागी सरकून दोरीसारखं रुततं आणि श्वासाला जागा देत नाही. पोटाचा पट्टा कडक असतो, तो पोटासाठी बनलाय. दोन्ही नकोत.

मलमपट्टी

तीन नंबरचं लिहितो, कारण 'दोन दिवसांत जातात, परत मोठे होऊन येतात' हे वाचून ते मलम कसलं असेल याचा अंदाज आला. ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यातलं काहीही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे, बऱ्याचदा बुरशीच्या आणि जंतूंच्या औषधाबरोबर एकाच ट्यूबमध्ये कालवलेलं. स्टेरॉइडने खाज आणि लाली दबते, बुरशी आरामात पसरते. गजकर्णाची कड पुसट होते, मग डॉक्टरलाही ओळखायला वेळ लागतो. घडीतली कातडी पातळ होऊन कायमचे पट्टे पडतात ते वेगळंच. २०१८ मध्ये ही स्टेरॉइड मलमं चिठ्ठीवरच विकायची असा नियम झाला, तरी काउंटरवर ती अजून सहज हातात पडतात.

घामोळं म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे पुरळ, टोचल्यासारखं होतं, पंख्याखाली बसलं की उतरतं. घासल्याचं असेल तर शिलाई जिथे येते तिथेच सरळ रेघ दिसते आणि खाजेपेक्षा चुरचुरतं जास्त. गजकर्णात गोलाची कड उठलेली, खवलेदार आणि मधला भाग त्यामानाने साफ. चौथा प्रकार घडीतला: ओलसर, लालभडक, आजूबाजूला सुटे बारीक फोड. तोही बुरशीचाच, वेगळ्या जातीच्या. तुमचं वर्णन गजकर्णाकडे झुकतं, पण स्टेरॉइड लागल्यावर नुसतं बघून खात्री देता येत नाही. कातडीच्या डॉक्टरकडे जा आणि ती ट्यूब बरोबर न्या.

साध्या गजकर्णावर क्लोट्रिमॅझोल १ टक्का, दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत. दिसेनासं झालं म्हणून थांबायचं नाही, पुढे दोन आठवडे लावायचं. बहुतेकांचं इथेच फसतं. तुमच्या बाबतीत स्टेरॉइड होऊन गेलंय आणि चट्टे वारंवार येतायत, तर गोळ्या लागतील का ते डॉक्टर ठरवेल.

बाइंडरची अडचण अशी की बुरशी मारायला गरम पाणी आणि इस्त्री लागते, आणि दोन्हींनी त्यातलं इलॅस्टिक मरतं. म्हणून आत पातळ सुती बनियन घाला, अंगाबरोबर बसणारं, सुरकुती न पडणारं. बाहीचं असेल तर काखेत घासतही नाही. ते रोज बदला, गरम पाण्यात धुवा, वाळल्यावर इस्त्री फिरवा. बाइंडर गार पाण्यात, साध्या साबणाने, प्रत्येक वेळी घातल्यावर. एकच असेल तर दुसरा घ्या, ओला बाइंडर अंगावर वाळवणं हे चट्ट्यांना आमंत्रण. टाल्कम पावडर घडीत थापू नका, घामात तिचे गोळे होतात आणि तेच घासतात. आंघोळीनंतर घडी उचलून टिपा, घासू नका, आणि दोन मिनिटं पंख्यासमोर उभे राहा. बाथरूममध्ये पंखा नसेल तर पुठ्ठ्याने वारा घाला, हसू नका, उपयोग होतो.

चट्टे असताना टेप अजिबात नाही. चार नंबरचं उत्तर सध्यापुरतं तिथेच संपलं.

ओव्हरलॉक

पुढे कधी लावायचा झाला तर म्हणून टेपचं थोडक्यात. फिजिओथेरपीवाले वापरतात तो ५ सेंटीमीटर रुंदीचा किनेसिओ टेप. पॅकिंगचा किंवा दुसरा कुठलाही चिकट टेप कातडी सोलून काढतो. आधी बोटभर तुकडा फासळीवर २४ तास ठेवून बघायचा. अंगाला तेल-लोशन नको, केस आदल्या दिवशीच कापलेले. टेपचे कोपरे गोल कापायचे, नाहीतर शर्टाला लागून उचकटतात. निपलवर कापसाची चकती. मांस हाताने काखेच्या दिशेला सारायचं आणि त्याच दिशेने टेप ओढत न्यायचा. सुरुवातीचे आणि शेवटचे ४-५ सेंटीमीटर बिलकूल न ताणता, ताण फक्त मधे आणि तोही बेताचा. टोकं ताणली की तिथेच फोड येतात. डावं-उजवं वेगळं, छातीच्या मधल्या हाडावरून पलीकडे न्यायचा नाही, अंगाभोवती गुंडाळायचा तर नाहीच. काढताना खोबरेल तेल चोपडून २०-३० मिनिटं थांबायचं आणि कातडीलगत गुंडाळत काढायचा. मुंबईच्या जुलैत तो दुसऱ्याच दिवशी कडेने सुटायला लागतो, त्यामुळे पावसाळ्यासाठी मी तरी टेप सुचवणार नाही.

त्यापेक्षा चेनचा बाइंडर शिवून घे, ऑफिसच्या टॉयलेटात काढ-घाल सोपी होते. पुढच्या भागाला न ताणणारं कापड दोन पदरी, अंगाकडचा पदर सुती पॉपलिन. पाठीला पॉवरनेट, म्हणजे आडवं आणि उभं दोन्हीकडे ताणणारं जाळीचं कापड. पॉपलिनला मंगळदास मार्केट, चेन-इलॅस्टिकला भुलेश्वर. चेन मधोमध नको, काखेखाली डाव्या बाजूला आणि तिच्या आत दोन बोटं रुंद कापडाची पट्टी, नाहीतर दात कातडीत अडकतात. पॉवरनेटला बॉलपॉइंट (गोल टोकाची) सुई आणि झिगझॅग टाका. सरळ टाका घातला की पहिल्या खोल श्वासाला दोरा तुटतो. खालची कड फासळ्या संपतात तिथेच थांबव, पोटापर्यंत नेली की घामाने वर गुंडाळत येते. शिंप्याला नाव सांगायची गरज नाही. 'पाठीला आधार देणारी बंडी' म्हटलं तरी माप तेच घेतो.

चौथी_सीट

ट्यूब बघितली. बेक्लोमेथासोन लिहिलंय. शनिवारी कातडीच्या डॉक्टरकडे जातो. गाडीत बाइंडर नको हे सोमवारपासून करून बघतो.

वाळवायचं काय? कपडे आई दोरीवर टाकते आणि तीच काढते. सध्या दाराच्या मागे खिळ्याला अडकवतो, तिथे दोन दिवस ओलाच राहतो.

ओव्हरलॉक

पट्ट्यांनी लटकवू नकोस. पाण्याच्या वजनाने पट्टे लांबतात आणि महिन्याभरात तो ढिला होतो.

रात्री आंघोळीच्या वेळी धू. पिळायचा नाही, कोरड्या टॉवेलवर पसरून टॉवेलसकट गुंडाळी कर आणि गुंडाळीवर गुडघ्याने दाब. अर्ध्याहून जास्त पाणी तिथेच निघतं. मग खुर्चीच्या पाठीवर आडवा टाक, वर जाळीचा किंवा पातळ टी-शर्ट पसर, पंखा चालू ठेव. एवढं पाणी आधी निघालं तर सकाळपर्यंत वाळतो. पॉपलिनचा पदर मात्र उशिरा सुकतो, म्हणून आतली बाजू बाहेर करून टाक.

पुढचा बाइंडर काळ्या रंगाचाच घे. लांबून जिमच्या बंडीसारखा दिसतो आणि दोरीवर एखाद वेळी राहिला तरी कुणी विचारत नाही.

मलमपट्टी

डॉक्टरकडे जाण्याआधी दोन-तीन दिवस चट्ट्यांवर काहीही लावू नका. कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, मलम असेल तर बुरशी असूनही दिसत नाही. स्टेरॉइड थांबवल्यावर खाज आधी वाढेल. घाबरून तीच ट्यूब परत उघडू नका, गार पाण्याची ओली पट्टी दहा मिनिटं ठेवा आणि नंतर जागा कोरडी करा.