मदत हवी आहे: बारीक माश्यांनी पाय फोडून काढलेत, परवापासून चार रात्री तंबूत

कातळखोबण
लवकर सांगा, इथे रेंज येऊन-जाऊन आहे. दोघं आहोत. दोन रात्री किनाऱ्यावर हॅमॉकमध्ये काढल्या. गुडघ्याखाली शंभरेक चावे, लाल गाठी, रात्री खाज दुप्पट. डासांचं मलम थापतोय, ढिम्म फरक नाही. परवा बोटीने पुढच्या बेटावर, तिथे चार रात्री तंबू. नवे चावे कसे थांबवायचे? जुन्यांवर काय लावायचं? आणि मगरीची पाटी आहे ती खरी, की पर्यटकांनी लांब जाऊ नये म्हणून?

समुद्रफेस
बेट कुठलं? तंबूची जाळी कसली? ताप आहे का? गाठींतून पाणी किंवा पू? हे न सांगता उत्तर काय देणार!

तिठ्यावरचा
लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. परवान्यावर ज्या बेटांची नावं, तिथेच राहता येतं. परवा दुसऱ्या बेटावर निघाला आहात, पण त्याचं नाव परवान्यावर आहे का ते आधी बघा.

कातळखोबण
अहो, लक्षद्वीप कुठून आलं! अंदमान. आत्ता हॅवलॉक, परवा लाँग आयलंड. जाळी नेहमीची, डासांची. ताप नाही, पू नाही.

शिडाचीदोरी
हे डास नाहीत, इथे सगळे ‘सँडफ्लाय’ म्हणतात. अंग जेमतेम दोन मिलिमीटरचं. डासांच्या जाळीचं भोक मिलिमीटरपेक्षा मोठं असतं, त्यातून ती आरामात आत येते. हॅमॉकमध्ये खालून चावली ती कापडाला पाय टेकले होते म्हणून. घरून निघण्याआधी बारीक विणीची जाळी घ्यायला हवी होती. आता ते नाही, तर पातळ मलमलचं कापड जाळीला आतून टाचा. उकडेल, पण झोप लागेल.

जागा त्याहून महत्त्वाची. ही माशी उडायला कमजोर. वारा लागला की ती बसून राहते. ओली वाळू, कुजकी पानं, खारफुटीची कड इथे ती असते आणि जमिनीलगत फिरते. म्हणून तंबू सावलीतल्या निवांत कोपऱ्यात नको, वारा खेळेल अशा उंच मोकळ्या जागी. वाळूत थेट बसू नका. पहाटे आणि सूर्य बुडताना लांब पँट, मोजे पँटवर ओढून. डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमाराला जातो हे आपल्याकडच्यांच्या लक्षात राहत नाही. ‘सहाला तंबू लावू’ म्हणाल तर ऐन चाव्याच्या वेळी, अंधारात वाळूवर गुडघे टेकून बसाल.

आंबोळी
खोबरेल! इथले सगळे तेच लावतात. कडुनिंबाचं तेल चार थेंब. रसायनं कशाला?

शिडाचीदोरी
खोबरेल माशीला मारत नाही की पळवत नाही. ती तेलाच्या थरात चिकटते, एवढंच. थर घामाने निघाला की संपलं. तासाभराने पुन्हा लावा, वर वाळू चिकटते ती वेगळी. वीस ते तीस टक्के डीट (किडे पळवणारं रसायन) असलेलं लोशन बरं. आधी सनस्क्रीन, पंधरा मिनिटांनी डीट. दोन्ही एकत्र चोळू नका. घड्याळाचा पट्टा, गॉगल, रेनकोट यांना डीट लागू देऊ नका, प्लॅस्टिक विरघळतं.

आंबोळी
विरघळतं ते तुम्ही कातडीला लावता. धन्य.

समुद्रफेस
तेल की डीट यावर रात्रभर भांडा, पण जुन्या चाव्यांचं कोणीच सांगत नाही. नखं आत्ताच कापा. रात्री सेटिरिझिन दहा मिलिग्रॅम, खाज आणि झोप दोन्हीला उपयोग. गाठींवर कॅलामाइन. अखंड कातडीवर एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन दिवसातून दोनदा, तीन-चार दिवसच. फुटलेल्या जागी लावू नका. फुटलेले चावे साबणाने धुऊन कोरडे ठेवा आणि समुद्रात बुडवू नका. खाज आठवडा-दोन आठवडे राहू शकते, म्हणजे औषध लागू पडलं नाही असं नाही. पण लाली पसरत गेली, लाल रेघ वर चढली, पू झाला किंवा ताप आला तर परवाची बोट रद्द करा आणि हॅवलॉकच्या आरोग्य केंद्रात जा. पुढच्या बेटावर सोय कमी आहे.

हिरवी_घोरपड
पाटी खरी. खाऱ्या पाण्यातली मगर खाडीपुरती राहत नाही, भर समुद्रातून एका बेटावरून दुसऱ्यावर पोहत जाते. २०१० मध्ये राधानगरजवळच्या नील्स कोव्हमध्ये एक अमेरिकन तरुणी मगरीने मारली, त्याच हॅवलॉकवर. वाटाड्या ‘इथे कधी नाही’ म्हणाला तरी पाटीला मान द्या.

तंबू खाडीच्या तोंडाशी, ओढ्याच्या मुखाशी, खारफुटीच्या कडेला अजिबात नको. भरतीच्या रेषेपासून पन्नास मीटर तरी मागे आणि उंचावर. भांडी, मासे पाण्याच्या काठी धुऊ नका. बादलीत पाणी आणा, लांब धुवा. रोज त्याच जागी, त्याच वेळी पाण्याशी गेलात तर ती तिथे वाट बघते. संध्याकाळी पोहणं बंद.

आणि किनारा म्हणजे मोकळी जागा नव्हे, बराचसा राखीव वनात येतो. तंबूसाठी वन विभागाची परवानगी घ्या.

तिठ्यावरचा
एक सुधारणा. २०१८ पासून हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप. नील बेट म्हणजे शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून श्री विजयपुरम. सेल्युलर जेल पाहिलंत की नाही? मराठी माणसाने...

शिडाचीदोरी
माणसाचे पाय सुजलेत, तुम्ही बारसं करताय.

कातळखोबण
मलमल इथे कुठे मिळणार! पंचा आहे. चालेल? आणि लाँग आयलंडला लालाजी बे. तिथे मगर?

हिरवी_घोरपड
लालाजी बेला जेट्टीवरून डोंगीने (छोट्या होडीने) किंवा जंगलवाटेने. डोंगीवाल्याला परतीची वेळ आधी ठरवून द्या. मगर कुठे नाही असं कोणी लिहून देणार नाही. खारफुटी कुठे संपते आणि अलीकडे मगर कुठे दिसली, एवढं गावातल्या मासेमाऱ्यांना विचारा. वाट दमट आहे, गोम असते. बूट घालण्याआधी उलटे करून झाडा. चावली तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, पंचेचाळीस अंशांच्या वर नाही, अर्धा तास बुडवा. दगडमाशाचा विषारी काटा लागला तरी हेच, पण लगेच दवाखाना. हा मासा दगडासारखा पडून राहतो, म्हणून उथळ पाण्यात अनवाणी नको.

रानवाऱ्या
चालू विषयात घुसतो. नारकोंडम बेटावरचा धनेश पक्षी बघायचा आहे. तो जगात फक्त त्या बेटावर. डोंगीने जाता येईल का?

हिरवी_घोरपड
नाही. परवानगीशिवाय नाही. डोंगीने तर नाहीच.

आंबोळी
खाणं तंबूत ठेवू नका. शंखातले खेकडे पिशवीत घुसतात. दोरीने झाडाला टांगा. आणि शंख गोळा करू नका. खेकड्यांना घर लागतं. शिवाय संरक्षित जातींचे शंख आणि प्रवाळ विमानतळावर काढून घेतात, वर गुन्हा.

समुद्रफेस
आंबोळी, हे पटलं.

शिडाचीदोरी
पंचाची वीण सैल. उजेडाकडे धरा; भोकं दिसली तर दुहेरी घाला, तिरकी एकावर एक. आत जाण्याआधी टॉर्च बंद, चेन लगेच लावा. आत येऊन बसलेल्या माश्या हाताने मारा. पहिल्या रात्री हॅमॉक सोडाच.

कातळखोबण
दुहेरी घालून बघतो. आत्ताच डिगलीपूरचंही विचारायला हवं होतं का? तिथेही जायचं आहे.

हिरवी_घोरपड
आधी पाय बरे होऊ द्या. पोर्ट ब्लेअरहून रस्त्याने जाणार असाल तर जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून गाड्यांच्या ताफ्यानेच जावं लागतं. मध्ये थांबणं, फोटो, कोणाला खाणं देणं सगळं बंद. बाकी नवीन धागा काढा. आणि त्यात महिना, बेट, जाळी आधीच लिहा.